अधिक महिन्यातली लॉरी

अ. वैशाख शु. २, रविवार

जेवून कलंडलो होतो. गल्लीत आरडाओरड. पाहतो तो दारात लॉरी, लॉरीच्या तोंडातून पांढरा लोट, आणि त्या लोटातून प्रकट होताहेत आमचे जावईबापू. मागून चि. गोदू, हातात रिकामी घागर.

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे समजावे, हा पाठशाळेतला पहिला धडा. मी लगेच अनुमान केले आणि ओरडलो, "आग! आग!" रघुनाथराव म्हणाले, "अण्णा, आग नव्हे. वाफ आहे." वाफेला धूर समजणारा फसतो, हा दुसरा धडा. तोही घोकला होता.

बार्शीहून शेंगांची पोती सोलापुरात आणली, उतरवली, परत निघाले. वाटेत आमच्याकडे घोटभर पाणी प्यायला थांबायचे. लॉरीच आधी प्यायली. दोन घागरी. तहान भागेना. मग गप्प झाली ती झालीच.

शेजारच्या हातमागांवरची माणसे उठून ढकलायला आली. जोर तेलुगूत, शिव्या मराठीत. लॉरीचे तोंड आमच्या अंगणात, पाठ गल्लीत. तुळस तिच्या नाकाशी आली आहे. सौ.ला संध्याकाळी प्रदक्षिणा घालायला वाट नाही. शेवटी तुळस आणि लॉरी मिळून एकच प्रदक्षिणा घातली. पुण्य कसे वाटले गेले असेल कोण जाणे.

शु. ३, सोमवार

दस्तगीर मिस्त्री येऊन गेला. गिरणीच्या कारखान्यात असतो. देह आडवा, आवाज त्याहून आडवा. लॉरीच्या पोटातून सळई ओढून काढली, माझ्या नाकाखाली धरली. तेलाचे ताक झाले होते.

"पंडितजी, हेड का पॅकिंग फुट गया. पानी तेल में, तेल पानी में. मियां-बीवी का झगडा है ये. बीच का आदमी मर गया."

हा बीचका आदमी म्हणजे तांब्याचा पातळ पत्रा. दुपदरी, आत न जळणारा पुठ्ठा. इंजिनाचे धड आणि डोके यांच्यामध्ये दाबून बसवलेला असतो. दोघांचे पटते ते याच्यामुळे. घराघरांतून असे एक माणूस असते, पण त्याला भोके पाडून चारी बाजूंनी नट आवळलेले उघड दिसत नाहीत.

गावातल्या दोन्ही गॅरेजांत रांग. मिस्त्री म्हणतो अंगणातच करू, संध्याकाळचा येत जाईन.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी सौ.ने मला सगळे सांगितले, म्हणजे कढईला सांगितले आणि मी जवळ होतो. र.रावांचे वडीलबंधू कंटाळले आहेत. लॉरी घेतल्यापासून निम्मा काळ ती उभीच. त्यांनी निक्षून बजावले आहे: निज वैशाखातल्या पहिल्या लग्नाचे वऱ्हाड हिने बार्शीला सुखरूप आणले तर ठीक, नाहीतर भंगारात घाल आणि बसऱ्याला जा. तिथे तेलाच्या कंपनीत र.रावांचा कोणी मित्र आहे, मोटारीचे काम जाणणारा माणूस हवाच आहे म्हणे. करार पाच वर्षांचा. बायका नेत नाहीत.

"आणि गोदू?" मी विचारले.

"गोदू काय," सौ. कढईला म्हणाली, "जिथं ठेवतील तिथं."

शु. ५, बुधवार

मिस्त्रीने सांगितले होते, मी येईपर्यंत नट सैल करून ठेवा. र.राव बाह्या सरसावून उठले, तो सौ.ने मला आत बोलावले.

"अहो, अधिकातला जावई म्हणजे नारायण. त्यांच्या हाताला काजळी लागलेली गल्ली बघणार? घरात पुरुषमाणूस नाही का?"

घरातला पुरुषमाणूस म्हणजे मी. सबब सासरा लॉरीवर, जावई पाटावर. त्यांना वाळ्याचे सरबत. तिथून ते सांगताहेत, "अण्णा, डावीकडे... तुमच्या नव्हे, नटाच्या डावीकडे." नटाला डावे-उजवे असते हे माझ्या शास्त्रात नव्हते. पाना निसटला. बोट सोलले. र.राव पाटावर अर्धे उठायचे, पुन्हा बसायचे. आपल्याच लेकराची नाडी परक्या वैद्याच्या हाती देऊन, तो वैद्य मनगट सोडून कोपर दाबतो आहे हे बघत राहावे, तशी त्यांची तगमग.

तिसऱ्या प्रहरी सौ. कीर्तनाला गेली. मी पाटावर बसलो, सरबत घेतले. ती परत यायच्या आत सगळे नट निघाले, र.रावांनी हात रॉकेलने धुतले आणि मी माझे तेलात बुडवून घेतले.

"झालं की सगळं!" आल्यावर सौ. कौतुकाने म्हणाली. लग्नानंतर असा स्वर दुसऱ्यांदा.

शु. ८, रविवार

मिस्त्रीला सुट्टी. हेड निघेना. नट सगळे सुटले, तरी डोके धडाला चिकटून. मिस्त्रीने लाकडाचा ठोकळा लावून चहूकडून हळूहळू ठोकले. मीही एक ठोका दिला. "नक्को पंडितजी, नक्को! मुहब्बत से!" लोखंड निम्मे वितळेल असे ऊन. मग एकदम चर्रर्र झाले आणि ते निघाले. दोघांनी उचलून आमच्या जेवायच्या पाटावर ठेवले. सौ.ने तो पाट सोडून दिला आहे.

खाली धडात चार विहिरी, प्रत्येकीत वरखाली होणारे काळे झाकण. जुना पत्रा निघाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या विहिरीच्या मधल्या बांधावर जळलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी वाट.

गोदू वाकून बघत होती. "एवढंसं?" म्हणाली.

"एवढंसंच असतं, बाई," मिस्त्री म्हणाला.

मुंबईला तार केली. या जातीची लॉरी आता निघत नाही. पॅकिंग मिळाले तर तिथेच मिळेल.

शु. ११, बुधवार

वाट पाहणे. एकादशी. उपवास लॉरीलाही.

मिस्त्रीने हेडवरची काजळी खरवडायला सांगितली आहे, ओरखडा न काढता. र.राव खरवडू लागले की सौ. दारात येऊन उभी राहते, म्हणून ते काम गोदूने घेतले. स्वयंपाकघरातले उलथने आणले, मांडी घालून बसली. भाकरीचा करपलेला पापुद्रा काढावा तशी काजळी काढते. ओरखडा नाही. नवरा लांबून बघतो. दोघे बोलत नाहीत. मोठ्या माणसांच्या देखत कसे बोलणार? लॉरी बरी होती तेव्हा पुढच्या बाकावर शेजारी बसून बार्शी ते सोलापूर बोलत येत असतील. त्या बाकाएवढे खासगी घर त्यांना दुसरे नाही हे आज ध्यानात आले.

संध्याकाळी माझ्या खोलीत आली. पुण्याच्या साप्ताहिकाला पाठवायचे बातमीपत्र लिहीत होतो. नळाला पाणी येत नाही, नगरपालिका झोपली आहे वगैरे. नेहमीचे.

"अण्णा, बसरा कुठं आलं हो?"

नकाशा काढला. कराचीच्या पुढे, आखाताच्या टोकाला. मी बोट ठेवले तर गाव बोटाखाली झाकून गेले.

"बोटीनं किती दिवस?"

"बरेच."

"तिकडं आपली माणसं आहेत?"

"असतील."

"पाच वर्षांनी मी चोविशीची होईन," ती म्हणाली, आणि नकाशाची घडी मला करू न देता स्वतःच केली. नीट, पहिल्या घड्यांवरून.

 ऐन वेळी न आठवणारे पाठांतर मी पुष्कळ केले आहे.

पौर्णिमा, रविवार

काल पार्सल आले. देव पावला. र.रावांनी कागद सोडून पत्रा उन्हाकडे धरला, भोकांतून आरपार पाहिले, आणि लहान मुलासारखे हसले. मिस्त्री मात्र गिरणीच्या कामात अडकलेला. गुरुवारी येतो म्हणाला. तोवर वाकायला नको, चेमटायला नको. र.रावांनी तो गोदूच्या हाती दिला. "जपून ठेव." गोदूने घरातल्या सर्वांत जपणुकीच्या जागी ठेवला.

आज सकाळी बातमीपत्र पुरे करीत होतो. सौ. दारात आली. चेहरा उजळलेला.

"या खेपेला न सांगता आणलंत. मला वाटलं विसरलात."

काय आणले ते कळले नाही. गेले आठ दिवस ती अधिकाच्या वाणासाठी काय काय आणायला सांगते आहे, मी हूं हूं करतो आहे. त्यातले काहीतरी आणले असेन. मी म्हटले, "हूं."

कौतुक आले तर परत पाठवू नये.

वद्य ३, बुधवार

आज जे झाले ते लिहून ठेवतो. 

वाणाचा दिवस. लक्ष्मी-नारायण म्हणून लेक-जावयाला पाटांवर बसवले. रांगोळी, समया, तेहतीस अनारसे. अधिकात जाळीदार वस्तू द्यावी असा संकेत, अनारसे त्यासाठीच. सौ.ने हळदकुंकू लावले आणि तबक र.रावांच्या हाती दिले.

तबकात अनारसे. अनारशांखाली तांब्याची जाळी. सोन्यासारखी लखलखीत. तीत ओळीने चार मोठी भोके आणि कडेने लहान लहान पुष्कळ.

र.रावांचा चेहरा नारायणासारखा शांत होता. तसाच राहिला. फक्त रंग गेला.

गोदूने एक अनारसा उचलून खाली पाहिले. "आई... हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तुझ्या अण्णांनी आणलं," सौ. म्हणाली. "कधी नव्हे ते. अनारशाला जाळी आणि ताटलीलाही जाळी. देव्हाऱ्यात आणून ठेवली होती त्यांनी. विचार की."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. समयांनीसुद्धा.

सौ.ने ती दोन रात्री पाण्यात भिजवली होती, मध्ये काळे दिसते म्हणून. मग चिंच. मग राख आणि काथ्या. तबकात बसेना म्हणून चारी कडा वर वळवल्या. कडेची घडी उसवून आतला पुठ्ठा भिजल्या पोह्यांसारखा बाहेर आलेला, तो तिने सुरीने कातरून काढला. "किती मळ साचला होता," म्हणाली. वर अनारशांचे तूप.

र.रावांनी तबक कपाळाला लावले. एक अनारसा उचलून खाल्ला. वाण नाकारता येत नाही.

"उत्तम झालाय," ते म्हणाले.

पुरा खाल्ला. मी त्यांना मुलगी दिली तेव्हा पत्रिका पाहिली होती, घराणे पाहिले होते. माणूस आज पाहिला.

वद्य ४, गुरुवार

संकष्टी. सौ. काल दुपारपासूनच काही घेत नाही.

"देव्हाऱ्यात होती, तांब्याची होती, जाळी होती," एवढेच म्हणते. "मी काय समजायचं? तुम्हांला विचारलं तर हूं म्हणालात." युक्तिवादात कोठेही दोष नाही. मी शोधला.

गोदू आईशी बोलत नाही. आई माझ्याशी. मी लॉरीशी.

मिस्त्री ठरल्याप्रमाणे आला, हत्यारे मांडली, हात पुढे केला. र.रावांनी जाळी दिली. मिस्त्रीने ती वास घेऊन पाहिली.

"इमली?"

"हौ," र.राव म्हणाले. घरात पहिल्यांदा कोणी हसले. तेही दोघेच, आणि फार वेळ. मग मिस्त्रीने डोळे पुसले आणि म्हणाला, "ये गया, साब. धोने का चीज नै था ये."

मुंबईला पुन्हा तार. उत्तर आले: होते ते शेवटचे. विलायतेहून मागवू, बोटीने येईल.

र.राव स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, उंबऱ्याबाहेर थांबून आत बोलले. सासूशी थेट बोलण्याची पहिलीच वेळ. "आई, तांब्याचं काय एवढं. तुम्ही जेवून घ्या बघू." आतून हुंदका.

मग माझ्याकडे येऊन हळूच: "अण्णा, मुंबईच्या गाडीचं वेळापत्रक आहे का तुमच्याकडं?"

वार्ताहराकडे असतेच. शोधतो म्हटले. शोधले नाही.

वद्य ८, रविवार

मिस्त्रीचा बेत: तांबटाकडून पत्रा कापून घ्यायचा. गिरणीच्या बॉयलरवरचा जुना पुठ्ठा मुकादम देतो म्हणाला आहे, तो आत घालायचा. मी विचारले, "असे पूर्वी कधी केले आहेस?"

"देख्या है."

"तू केले आहेस का?"

"पंडितजी, तुमने स्वर्ग देख्या है? फिर भी बताते ना लोगां कू?"



तांबटाच्या दुकानी गेलो. जुना फुटका पत्रा नमुन्याला नेला. तांबटाने उलटापालटा केला. "पूजेचं यंत्र हाय का काय हे? कुटल्या देवाचं?" म्हणाला. र.राव म्हणाले, "बार्शीच्या रस्त्याच्या देवाचं." तांबटाने हात जोडले आणि कापायला घेतले. तीन खेपा झाल्या. एकदा भोक सरकले, एकदा पत्रा जाड निघाला. त्या ठोकाठोकीत कोणाला काही ऐकू येत नव्हते हे बरे. र.राव सारखे काहीतरी पुटपुटत होते.

घरी येताना म्हणाले, "अण्णा, बसऱ्याची बोट निज वैशाखाच्या शेवटी आहे. होकार अजून कळवला नाही."

नकारही कळवलेला नाही, असा त्याचा अर्थ. मी तो बोलून दाखवला नाही.

वद्य १२, गुरुवार

आज पत्रा बसवला. दोन्ही बाजूंना सफेदा लावून, लेकराला दुलईत घालावे तसा. हेड वर ठेवले.

नट आवळायचे. मला एक पाना दिला होता, आता अंगणात सर्वांना माझी सवय झाली आहे. मी कोपऱ्यातल्या नटापासून सुरुवात करून उजवीकडून निघालो, तो मिस्त्री ओरडला. "मंदिर नै ये! बीच में से!" मधल्यापासून सुरुवात, मग समोरचा, मग तिरपा, असे बाहेर बाहेर जायचे, आणि एकदम नाही, थोडे थोडे. कडेने गेले तर मधे फुगा धरतो. माझे दोन नट सोडवून पुन्हा आवळावे लागले. मिस्त्री म्हणाला फरक पडणार नाही. म्हणताना नटाकडे पाहत होता, माझ्याकडे नव्हे.

सौ. दारात उभी राहून बघत होती. र.रावांचे हात कोपरापर्यंत काळे.  आत जाऊन साबणाची वडी आणून पायरीवर ठेवली.

अमावास्या, रविवार

सगळे तयार. पाणी भरायचे आणि हँडल मारायचे, इतकेच. पण अमावास्या, त्यात अधिकाची.

"आज नको," सौ. म्हणाली. फार हळू म्हणाली. त्या प्रकारानंतर तिचा आवाज असाच झाला आहे. मोठ्याने म्हणाली असती तर मी वाद घातला असता, शास्त्राधार काढून दिला असता की नादुरुस्त वस्तू नीट करण्याला काळवेळ नसतो. सुमारे चार आधार आहेत. एकही काढला नाही.

र.राव दिवसभर लॉरीच्या बाकावर बसून होते. गोदू चहा घेऊन गेली ती लवकर परत आली नाही. सौ.ने हाक मारायला तोंड उघडले, मी खूण केली. मिटले.

बार्शीहून बंधूंचा निरोप घेऊन माणूस आला. शुक्रवारी सोलापुरातून ज्यांचे वऱ्हाड निघायचे आहे त्या पाटील मंडळींनी विचारले आहे, लॉरी नक्की ना? र.रावांनी सांगितले, नक्की. माणूस गेल्यावर माझ्याकडे पाहिले. मीही म्हटले, नक्की. आमच्या दोघांतल्या कोणत्या अज्ञानाला नक्की म्हणावे हे ठरायचे आहे.

निज वैशाख शु. १, सोमवार

सुरू झाली!

तिसऱ्या हँडलला खोकली, पाचव्याला थुंकली, मग एकदम आवाज. गल्लीतली पोरे, मागांवरची माणसे, सगळी भिंतीवर. पांढरा लोट आला.  मिस्त्री म्हणाला, आतले जुने पाणी आहे, जाईल. गेले.

होटगीपर्यंत नेऊन आणली. मला पुढच्या बाकावर बसवले. बाक कडक आहे. होटगीच्या फाटकाशी थांबून पाण्याच्या टाकीचे झाकण उघडले; बुडबुडे आले तर पत्रा गळतो असे समजायचे. आम्ही तिघे तीन मुंडकी जुळवून पाण्यात बघतोय. फाटकवाल्याने येऊन चौथे मुंडके घातले. "काय पडलंय आत?" म्हणाला.

पाणी शांत. मग एक बुडबुडा.

मिस्त्री: "हवा है."

र.रावांनी झाकण लावले नाही.

बराच वेळ गेला. आणखी एक. लहान.

"हवाच," मी म्हटले. मी या विषयातला अधिकारी असल्यासारखा दोघांनी माझा आधार घेतला. फाटकवाला म्हणाला, "मासा आसंल."

घरी आल्यावर गरम असतानाच नट पुन्हा आवळले. एक नट जरा जास्तच फिरला. मिस्त्री थांबला, पुन्हा थोडा सोडला, पुन्हा आवळला. विचारले तर म्हणाला, "अल्ला मालिक." एरवी हा माणूस प्रत्येक गोष्टीला दाखला देतो.

शु. ५, शुक्रवार

सकाळी वऱ्हाड भरले. नवरदेव, करवल्या, भांड्यांची पोती, एक शेळी. शेळी कोणाची ते शेवटपर्यंत कळले नाही. गोदूची ट्रंक मागे. ती पुढे, नवऱ्याशेजारी. सौ.ने ओटी भरली. मग स्वतः जाऊन घागर आणली, नळाची, भर उन्हाळ्यातली, आणि टाकीत ओतली. एक थेंब सांडू दिला नाही. गोदू वरून आईचा हात धरून काहीतरी म्हणाली. सौ.ने मान हलवली. काय म्हणाली ते मला सांगितलेले नाही.

गाडी सुरळीत निघाली. वळणावर हॉर्न वाजवला. जरूर नव्हती.

ठरले आहे ते असे: लॉरी पोचली तर दोघे आपल्या घरी बार्शीला राहतील. बसऱ्याला नकार जाईल. वाटेत बसली तर वऱ्हाड मिळेल त्या गाडीने पुढे, आणि ही दोघे मिळेल त्या गाडीने मागे, इकडे. मग मला वेळापत्रक शोधावेच लागेल.

दिवस जाईना. बातमीपत्राला बसलो, एक ओळ झाली. ऊन कलल्यावर बार्शी नाक्यावर गेलो. वीस वर्षे या गावाच्या बातम्या पाठवतो आहे, कोण आले, कोण गेले, कोण पडले. बातमी मिळवावी कशी हे मला कोणी शिकवू नये.

वैरागकडून मोटार आली. तिच्या ड्रायव्हरला विचारले.

"व्हय की, वऱ्हाडाची लॉरी दिसली. बाया गानी म्हनत हुत्या. लई जोरात चालली हुती."

"पुढे बाई होती बसलेली? हिरवे लुगडे?"

"ते न्हाय बघितलं."

जीव भांड्यात पडत होता, तो मागून गाडीवान आला.

"लॉरी व्हय? हुबी हाय की तितं, ओढ्याच्या अलीकडं. तोंड उघडं टाकलंय. मान्सं समदी झाडाखाली."

"पांढरा धूर होता का?"

"धूर? धूळ हुती, मालक."

"शेळी होती का लॉरीत?"

"शेळ्या काय, समदीकडंच आसत्यात."

पहिल्या मुहूर्ताचा दिवस. रस्त्यावर वऱ्हाडाच्या लॉऱ्या किती असतील. दोन्ही साक्षी डोळ्यांनी पाहिलेल्या, दोघांनाही खोटे बोलायचे कारण नाही. छापायची झाली तर दोन्ही छापता येतील.

दिवेलागणीपर्यंत थांबलो. बार्शीकडून आणखी एक मोटार आली, तिच्यातून कोणी उतरले नाही ओळखीचे. दुसरी यायची आहे म्हणतात.

घरी आलो तर सौ. चुलीपुढे, हातात तांदळाचे माप घेऊन तशीच बसलेली.

"किती जणांचा टाकू?"

 माझ्या उत्तराची वाट न बघता तिने चौघांचा टाकला. दोघे आली तर उपाशी राहू नयेत.

भात शिजतो आहे. दार लोटलेले आहे, कडी घातलेली नाही. लेक-जावई जेवायला न येवोत आणि अन्न वाया जावो, अशी प्रार्थना कोणत्या देवाकडे करतात ते मला माहीत नाही. सौ.ला विचारावे तर ती देव्हाऱ्यापुढे बसली आहे, डोळे मिटून, आणि तीही बहुधा तेच मागते आहे.